रोज किती माणसं चढतील? एका बसच्या अंदाजाचे अकरा महिने

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात तीन सोसायट्यांचं निवेदन घेऊन मी पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या कार्यालयात गेले. मागणी एवढीच, की बावधनच्या आतल्या रस्त्यावरून वनाज मेट्रो स्थानकापर्यंत एक छोटी बस सुरू करा. खाली २१४ सह्या. साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, सह्यांची पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "रोज किती माणसं चढतील?"

मी म्हटलं, "भरपूर."

ते हसले. "मॅडम, भरपूर या आकड्यावर शेड्यूल लागत नाही."

मला राग आला होता, पण घरी येईपर्यंत तो विरला. मी अकाउंट्समधली बाई. आमच्याकडे कुणी "खर्च भरपूर झाला" असं लिहून व्हाउचर आणलं तर मी तरी काय करते? त्या एका प्रश्नाचं उत्तर काढायला पुढे आठ महिने गेले, आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला आणखी तीन. असं काही करू बघणाऱ्या दुसऱ्या सोसायटीला माझ्याइतकं चाचपडायला लागू नये म्हणून लिहितेय.

माझी भाची सई वाहतूक नियोजनात एम.टेक. करते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, यालाच रायडरशिप फोरकास्टिंग म्हणतात. त्याची सॉफ्टवेअर असतात." मग तिने नावं सांगितली: व्हिसम, एमे, क्यूब, ट्रान्सकॅड. शहरांचे मोठे वाहतूक आराखडे यांच्यावर होतात. त्यांची पद्धत चार पायऱ्यांची. कुठल्या भागातून किती प्रवास निघतात, ते कुठे जातात, कशाने जातात आणि कुठल्या रस्त्याने किंवा मार्गाने जातात. पण त्यासाठी अख्ख्या पुण्याचा कुठून-कुठे तक्ता लागतो, वर लायसन्सची किंमत. साडेचार किलोमीटरच्या मार्गासाठी हे म्हणजे नखाने होणाऱ्या कामाला कुऱ्हाड. फुकट मिळणारं म्हणून मी अमेरिकन सरकारच्या परिवहन खात्याचं स्टॉप्स उतरवून घेतलं. एक शनिवार त्यात गेला आणि संध्याकाळी उमगलं, की त्याला त्यांच्याच जनगणनेची माहिती लागते. आमची शेवटची जनगणना २०११ ची. त्यातल्या बी-२८ तक्त्यात लोक कामाला किती लांब आणि कशाने जातात हे आहे, पण बावधन बुद्रुक महापालिकेत आलं २०२१ मध्ये. २०११ साली जिथे माळ होता तिथे आता आमची बी विंग आहे.

शेवटी ठरलं ते असं: नकाशासाठी क्यूजीआयएस, रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, चालण्याचा आणि बसचा वेळ काढायला आर-फाइव्ह-आर, आणि बाकी सगळं माझ्या ओळखीच्या एक्सेलमध्ये. पहिली तिन्ही फुकट. पैसे गेले ते लॅपटॉपची रॅम ८ वरून १६ करण्यात, २,६०० रुपये. त्यातही अर्धी चूक माझीच. मी भारताच्या पश्चिम विभागाची अख्खी रस्त्यांची फाइल उघडायला गेले होते. आधी पुण्यापुरता तुकडा कापून घेतला असता तर जुन्या रॅमवरही भागलं असतं. आर-फाइव्ह-आर चालत नसेल तर सगळ्यात आधी जावाची, म्हणजे ते ज्याच्या आधाराने चालतं त्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती तपासा. मी चार संध्याकाळी दुसरीकडेच चूक शोधत होते.

फेब्रुवारीत मी थांब्यांची यादी केली. एका रविवारी मोबाइल घेऊन मार्गावरून चालत गेले, सात संभाव्य थांब्यांचे अक्षांश-रेखांश टिपले आणि घरी येऊन नकाशावर टाकले. नकाशा कोरा. बराच वेळ झूम आउट केल्यावर माझे सातही थांबे सापडले, नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात, बेअर आयलंडजवळ. मी १८.५ आणि ७३.८ उलटे भरले होते. ते सुलटे केले आणि प्रत्येक थांब्याभोवती ४०० चं वर्तुळ काढलं, म्हणजे पाच मिनिटं चालायचं अंतर. तर वर्तुळ पृथ्वी व्यापून उरलं. ते ४०० मीटर नव्हते, ४०० अंश होते! पुण्यात मीटरमध्ये मोजायचं तर नकाशा ईपीएसजी ३२६४३ या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत, आणावा लागतो. हा आकडा मी फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. पुढे वर्तुळंही सोडून दिली, कारण कंपाउंडच्या भिंतीपलीकडची सोसायटी वर्तुळात शंभर मीटरवर दिसते आणि पायी जायला तिला गेटाला वळसा पडतो. खऱ्या गल्ल्यांवरून चालण्याचा वेळ काढला तेव्हा दोन सोसायट्या यादीतून गळल्या. त्यातली एक सह्या करणाऱ्यांतली.

३ मार्चला माहितीचा अधिकार वापरून अर्ज केला. शेजारच्या एका चालू मार्गाची टप्पानिहाय तिकीटविक्री हवी होती. माझा पहिला मसुदा दीड पानांचा होता. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे 'महोदय, आम्ही गेली अनेक वर्षे' वगैरे सगळं गेलं. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून. मुदत ३० दिवसांची. त्यात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. माझ्यावर ती वेळ आली नाही. २७ मार्चला पत्र आलं: ४६ पानं, पानाला २ रुपये, ९२ रुपये भरा. भरले. पानं छापील मिळाली, कारण 'एक्सेल स्वरूपात, ई-मेलवर' हे तीन शब्द मी अर्जात लिहिलेच नव्हते. तुम्ही विसरू नका. सईने आणि मी ४६ पानं हाताने टाइप केली, एप्रिलचे दोन शनिवार-रविवार.

त्या आकड्यांत एक मेख होती आणि ती सापडली बसमध्ये बसल्यावरच. तिकिटांवरून बस अर्धी रिकामी वाटत होती. मी सकाळी पावणेनऊच्या खेपेत चढले तर उभं राहायला जागा नव्हती. मोजलं: ४१ माणसं, त्यांपैकी तिकीट काढलेली १७. बाकी पासवाले. पास दाखवून चढणारा माणूस त्या ४६ पानांत कुठेच नव्हता. कंडक्टर म्हणाले, "मॅडम, मशीन पैसे मोजतं. डोकी आम्हीच मोजतो, तीही गर्दी नसली तर." सॉफ्टवेअरला तिकिटांचा आकडा जसाच्या तसा भरवला असता तर त्याने तक्रार न करता निम्म्याहून कमी प्रवासी धरून पुढची सगळी गणितं चोख केली असती.

एप्रिलच्या उत्तरार्धात वेळापत्रक जीटीएफएसमध्ये बसवलं. नाव भारदस्त असलं तरी ही चार-सहा साध्या मजकूर-फाइलींची झिप असते: थांबे, मार्ग, खेपा, कुठल्या खेपेची बस कुठल्या थांब्यावर किती वाजता, आणि कुठल्या वारी. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची परिवहन संस्था आणि गूगल यांनी मिळून हा साचा पाडला आणि आता जगभर तोच चालतो. ज्याला लेजर कळतं त्याला हे कळतं. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. मध्यरात्र ओलांडणाऱ्या खेपेला रात्री एक दहा असं न लिहिता २५:१०:०० लिहितात, म्हणजे ती कालच्याच दिवसात राहते. मार्च एंडिंगच्या नोंदी एप्रिलमध्ये बसून करणाऱ्यांना हे पटकन पटेल. फाइल तपासण्याचं साधन फुकट मिळतं. माझ्या पहिल्या फाइलीत त्याने ६३ चुका काढल्या.

मग मोजणी. १३, १४, १५ मे, मंगळवार ते गुरुवार. सोमवार आणि शुक्रवार नेहमीसारखे नसतात म्हणून ते टाळले होते, एवढं शहाणपण होतं. सहा पॅड, ३८० रुपयांच्या झेरॉक्स, सोसायटीतली चार माणसं. थांब्यावर उभं राहून बसला किती, शेअर रिक्षाला किती, किती जण वाट बघून कंटाळून रिक्षा बोलावतात. तीन दिवस उन्हात उभे राहिलो आणि शेवटच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू वडापाव खाता खाता सहज म्हणाल्या, "कॉलेजची पोरं नाहीत ना आत्ता." मेमधली मोजणी! सगळी पोरं गावाला, निम्मी ऑफिसं रजेवर. सई माझ्याकडे बघत होती आणि मी पॅडकडे.

जूनमध्ये मोजणार होतो, तेवढ्यात १ जूनपासून पीएमपीएमएलची भाडेवाढ झाली. किमान तिकीट ५ चं १० रुपये, दिवसाचा पास ४० चा ७०, महिन्याचा ९०० चा १,५००. म्हणजे मेचे आकडे दोनदा बाद. सईने एक जुना अमेरिकन ठोकताळा सांगितला: भाडं ३ टक्के वाढलं की प्रवासी १ टक्का घटतात. मी सरळ भागाकार केला. भाडं १०० टक्के वाढलं, प्रवासी ३३ टक्के घटले. ती म्हणाली, असं करायचं नसतं. हा नियम लहान बदलांसाठी आहे, दुपटीला तो घातांकात वापरायचा, म्हणजे वाढ छोट्या छोट्या पायऱ्यांत एकावर एक लावत जायची. तसा वापरला की घट २० टक्क्यांच्या आसपास येते. मासिक पासवाल्यांची त्याच हिशेबाने १५-१६ टक्के. एकाच नियमातून दोन उत्तरं निघतात, फक्त तो कसा लावला यावरून. मीटरने वनाजला जायला ६५-७० रुपये पडत होते, त्यामुळे बस १० रुपयांनाही स्वस्तच होती. खरी स्पर्धा रिक्षाशी नव्हतीच. ती होती पार्किंगमधल्या स्कूटरशी.

पालखीचा आठवडा गेला, शाळा-कॉलेजं रुळली, आणि १५ ते १७ जुलै पुन्हा मोजलं. या वेळी पावसात. पॅडवर प्लास्टिक लावा आणि पेनऐवजी पेन्सिल घ्या.

घरं किती, हे शोधायला मी एक युक्ती केली, तिचा मला थोडा अभिमान आहे म्हणा ना. बिल्डरच्या माहितीपत्रकातले फ्लॅट धरले तर कुलूपबंद घरंही मोजली जातात. म्हणून वॉचमनकाकांना विचारून पार्किंगमधल्या विजेच्या मीटरच्या पेट्या मोजल्या आणि कुठले फ्लॅट बंद आहेत ते त्यांनाच विचारलं. पाच मिनिटांच्या चालीत राहती घरं भरली ६,२००.

ऑगस्टमध्ये पाहणी केली. २१२ घरांत फॉर्म वाटले. प्रश्न होता, "बस सुरू झाली तर वापराल का?" १६१ जण हो म्हणाले, ७६ टक्के. मी आनंदाने सईला पाठवलं. तिचं उत्तर: "मावशी, हे लोकांचं सौजन्य आहे, मागणी नाही." तिने प्रश्न बदलायला लावला: 'गेल्या मंगळवारी कामाला कशाने गेलात? किती वाजता? घरापासून पोचेपर्यंत किती वेळ, किती पैसे?' हे दुसऱ्यांदा विचारायला लोकांच्या दारात उभं राहणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग होता. जावा परवडलं. पण यातूनच कळलं, की घरटी साधारण १.६ माणसं रोज बाहेर पडतात आणि त्यांतली २२ टक्केच पौड रोड, डेक्कन, शिवाजीनगरच्या दिशेला जातात. बाकी हिंजवडी, बाणेर. त्यांना वनाजची बस काय कामाची?

मग लॉजिट. हे नाव ऐकून घाबरू नका. बस, रिक्षा, स्कूटर अशा प्रत्येक साधनाला वेळ आणि पैसे मिळून एक ओझं द्यायचं. ज्याचं ओझं हलकं त्याच्याकडे जास्त माणसं जातात, पण सगळीच नाहीत. यात थांब्यावर उभं राहण्याचं एक मिनिट बसमध्ये बसलेल्या दोन मिनिटांएवढं धरतात, आणि ज्याने चांदणी चौकात जुलैत बसची वाट बघितली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. बस दर अर्ध्या तासाने धरली तर बसचा वाटा १४ ते २४ टक्के आला. म्हणजे ३०५ ते ५२४ माणसं, जाऊन-येऊन ६१० ते १,०५० चढणारे.

अध्यक्षकाकांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांनी ७६ टक्क्यांवरून स्वतः हिशेब केला होता, ३,३०० चा. "वहिनी, मोठा आकडा टाका. सहाशे म्हटलं तर कोण बस देईल?" मी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितली, जी मला सईने सांगितली होती. तिथे १९७२ मध्ये बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज होता, की १५ टक्के लोक ती वापरतील. डॅनियल मॅकफॅडन या अर्थतज्ज्ञाने याच लॉजिटच्या पद्धतीने ६.३ टक्के म्हटलं. प्रत्यक्षात आले ६.२. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. काका म्हणाले, "नोबेल त्यांना मिळालं, पण बस आपल्याला मिळेल का?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही आकडा ६१० ते १,०५० हाच ठेवला.

गाड्या किती लागतील याचा हिशेब मी सगळ्यात शेवटी केला. तो सगळ्यात आधी करायला हवा होता, कारण कार्यालयाला सर्वात जास्त तोच कळतो. आधी रविवारी स्कूटरवरून वेळ घेतली होती, १४ मिनिटं. कामाच्या दिवशी सकाळी नऊला बसच्या वेगाने, प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट धरून गेलो तर २४. जाऊन-येऊन ४८, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं विश्रांती, फेरा ५८ मिनिटांचा. दर ३० मिनिटांनी बस हवी तर ५८ भागिले ३०, दोन गाड्या. पण शिल्लक फक्त दोन मिनिटांची! चांदणी चौकात तीन मिनिटं जास्त गेली की दोन गाड्यांत अर्ध्या तासाचं वेळापत्रक बसतच नाही. एका सिग्नलवर एक गाडी, तिचा ड्रायव्हर, तिचा कंडक्टर अवलंबून. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर रेघ ओढली की हा आकडा आपोआप कोपऱ्यात दिसतो म्हणे. मी हातवही वापरली. शेवटी एक थांबा गाळला आणि मिनिटभर वाचवलं. दिवसाला ४० एकेरी खेपा, म्हणजे खेपेला १५ ते २६ माणसं. कोथरूड डेपो वनाजजवळच, म्हणून रिकामे किलोमीटर फारसे नाहीत, हेही ठळक लिहिलं.

१८ सप्टेंबरला नऊ पानं दाखल केली. आवक क्रमांक पोचेवर लिहून घ्या आणि पोचेचा लगेच फोटो काढा. पुढे प्रत्येक फोनला पहिला प्रश्न तोच येतो. तेच साहेब होते. त्यांनी थेट सातवं पान उघडलं, गाड्यांचं. "५८ मिनिटं कुणी मोजली?" मी म्हटलं, मीच, तीन दिवस. मग त्यांनी चहा मागवला.

१० नोव्हेंबरला तीन महिन्यांच्या चाचणीवर बस सुरू झाली. १८ नोव्हेंबरच्या मंगळवारी दिवसभर मोजलं: २३१. माझ्या खालच्या आकड्याच्याही निम्म्याहून कमी. त्या रात्री झोप लागली नाही. सई म्हणाली, नव्या मार्गाची सवय लागायला महिने जातात, थांब. १६ डिसेंबरला पुन्हा मोजलं: ४६८. वाढ होती, पण अंदाज अजून दूरच. मग चढणारे दिशेप्रमाणे वेगळे केले. वनाजकडे जाणारे २८७, परत येणारे १८१. शंभरावर माणसं सकाळी बसने जाऊन संध्याकाळी दुसऱ्याच कशाने परतत होती.

वनाजच्या जिन्याखाली उभं राहून दोन संध्याकाळी विचारलं. शेवटची बस ८:४० ची. डेक्कनवरून साडेआठला सुटणाऱ्या दुकानातल्या मुली, क्लासची पोरं, उशिरा सुटणारे ऑफिसवाले, सगळे त्यानंतर येतात. आणि ज्यांना रात्री बस नाही ते सकाळीच स्कूटर काढतात, म्हणजे माझ्या सकाळच्या आकड्यातूनही गेले. माझ्या एक्सेलमध्ये माणूस सकाळी गेला की संध्याकाळी परत येतो असं धरून सरळ दोनने गुणलेलं होतं.

आत्तापर्यंतचा खर्च ४,३४२ रुपये: रॅम २,६००, झेरॉक्स ३८०, पॅड ३६०, माहिती अधिकार १०२, आणि चहा-वडापाव ९००.

डिसेंबरअखेर एक पानाचं पत्र दिलं. सकाळी ६:१० च्या खेपेला सरासरी तीन माणसं असतात. ती काढा आणि रात्री ९:२० ला सोडा, गाडी वाढवायची गरज नाही. कंट्रोलरसाहेबांनी पत्र वाचलं, म्हणाले, "त्या तिघांचं काय?" त्यातले दोघे सिक्युरिटीवाले आहेत, सहाची ड्युटी संपवून घरी जाणारे. पत्र मी परत घेतलं. आता ६:१० ऐवजी दुपारी १:३० ची खेप हलवता येते का ते बघतेय. त्यासाठी येत्या मंगळवारी दुपारची मोजणी आहे.